ही गोळी कशावर?

मला माझ्या नवऱ्याने पाऊण तासात पसंत केलं होतं, आणि त्यातली वीस मिनिटं पोहे खाण्यात गेली होती. पिस्तुलात घालायची गोळी पसंत करायला मात्र त्याला साडेतीन महिने लागले. हे मी लोकांना सांगायचे तेव्हा लोक पोट धरून हसायचे, आणि मला आणखी चेव यायचा.

गोष्ट २००५ सालची, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हर्नडनची. त्या वर्षी आमचं ग्रीन कार्ड आलं. ग्रीन कार्ड आलं की आपली माणसं घर घेतात, नोकरी बदलतात, आईवडिलांना बोलावून घेतात. टाउनहाउस आम्ही आधीच घेतलं होतं. नोकरी बदलायला लागते तेवढी छाती माझ्या नवऱ्याकडे नव्हती. मग त्याने पिस्तूल घेतलं. व्हिसावर होतो तोवर घेता येत नव्हतं, आणि तेव्हा त्याचं काही अडलंही नव्हतं.

निमित्त झालं एका कोकचं. दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर आपल्या रंगाच्या माणसांकडे लोक जरा जास्त वेळ बघायला लागले होते, हे खरं. पण त्यालाही चार वर्षं होत आली होती. एका संध्याकाळी हा ऑफिसातून येताना गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरायला थांबला. शेजारून पिकअप ट्रक गेला, आतून कुणीतरी ओरडलं, आपल्या देशात जा, आणि कोकचा भरलेला मोठा कप याच्या छातीवर फेकून मारला. हा तसाच ओल्या, चिकट शर्टाने घरी आला आणि किचनमध्ये येऊन उभा राहिला. मी भाजी परतत होते. मी म्हणाले, "कोकच फेकला ना? गोळी तर नाही ना घातली? शर्ट भिजत टाक, डाग राहील."

त्याने शर्ट भिजत टाकला. मला वाटलं, विषय संपला.

पंधरा दिवसांनी तो त्याच्या मित्राबरोबर बंदुकीच्या दुकानात गेला. हा मित्र पार्ल्याचा. दिवसा डेटाबेस सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी युद्धशास्त्र शिकवायचा. मी त्याचं नाव सेनापती ठेवलं होतं. शाळेत दम्याचं सर्टिफिकेट दाखवून पीटीच्या तासाला वर्गात बसणारा हा माणूस, हे त्याच्याच बायकोने मला सांगितलं होतं. त्याला ग्रीन कार्ड आमच्याआधी दोन वर्षं मिळालं होतं, त्यामुळे त्याच्याकडे तीन पिस्तुलं होती. तो आमच्या सोफ्यावर बसून, माझ्या हातचा चिवडा खात, माझ्या नवऱ्याला सांगायचा, "यार, गन इज द इझी पार्ट. खरा प्रश्न अ‍ॅमोचा आहे."

तो खरा प्रश्न मग आमच्या घरात राहायला आला. पिस्तूल एका दिवसात निवडून झालं होतं, नऊ मिलिमीटरचं, बुटकं, शर्टाखाली लपेल असं. गोळीचं घोडं मात्र पुढे जाईना. गुळगुळीत टोकाची घ्यावी तर ती आरपार जाते आणि मागच्या निरपराध माणसाला लागते. टोकाला खड्डा असलेली घ्यावी तर ती अंगात शिरल्यावर उमलते. उमलते, हा शब्द त्याचा. बायकोसाठी आयुष्यात मोगऱ्याचा गजरा न आणलेला माणूस गोळी कशी उमलते यावर तासभर बोलायचा. पण मग खड्ड्यात कपडा अडकला तर ती उमलत नाही. पिस्तुलाची नळी आखूड असली की वेग कमी पडतो, मग तेव्हाही उमलत नाही. जास्त दारू भरलेली घेतली तर हात उडतो आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते. आमच्या भिंतीपलीकडे एक कोरियन आजी पोरांना पियानो शिकवायच्या. त्या भिंतीतून कोणती गोळी जाईल आणि कोणती जाणार नाही, याचा विचार हा पियानो ऐकत करायचा.

त्याने एक्सेल शीट केलं. वजन, वेग, किती इंच शिरते, किती रुंद होते, चार थर जीन्समधून काय होतं. रंगसुद्धा दिले होते, हिरवा, पिवळा, लाल. मी एकदा मागे उभी राहून बघितलं आणि म्हणाले, "एवढं आपलं हनिमूनचं हॉटेल बघितलं असतंस तर बाथरूममध्ये झुरळं निघाली नसती."

"तू प्लीज गोळी-गोळी म्हणू नकोस," तो एक दिवस म्हणाला. "ते चूक आहे. बुलेट म्हणजे फक्त पुढचं टोक. पूर्ण वस्तूला कार्ट्रिज म्हणतात. किंवा राउंड म्हण."

झालं! मला एवढंच पुरलं. त्या दिवसापासून मी मुद्दाम, ठासून, दर वाक्यात गोळ्या म्हणायला लागले. तुझ्या गोळ्या डायनिंग टेबलवरून उचल. तुझ्या गोळ्यांचं पार्सल आलंय. आज जेवणानंतर गोळ्या की जेवणाआधी? तो कपाळाला आठ्या घालायचा आणि पुटपुटायचा, "कार्ट्रिज." आमच्या लग्नात तेव्हा तेवढाच संवाद उरला होता, आणि मला तो फार विनोदी वाटायचा.

जिलेटिनचा प्रकार सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गोळीची परीक्षा घ्यायची तर म्हणे जिलेटिनचा ठोकळा लागतो, कारण तो माणसाच्या मांसासारखा असतो. आता माझा नवरा पक्का शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे दुकानदाराला तीनतीनदा विचारणारा. जिलेटिन जनावरांच्या हाडांचं असतं म्हणून मुलांच्या बर्थडे पार्टीत जेलीला हात न लावणारा. त्या माणसाने शुक्रवारी माझ्या सर्वांत मोठ्या पातेल्यात, ज्यात मी गणपतीला पंचवीस माणसांची मसालेभाताची फोडणी टाकते त्या पातेल्यात, डबे भरून जिलेटिन ढवळलं. घरभर वास. दुसऱ्या दिवशी तो आणि सेनापती ते ठोकळे आइसबॉक्समध्ये घालून कुणाच्या तरी शेतावर दोन तास ड्राइव्ह करून गेले. ऑगस्टचं ऊन. पोहोचेपर्यंत ठोकळ्यांची खीर झाली. त्या खिरीवर यांनी गोळ्या झाडल्या आणि माझी ब्लाउजच्या मापाची टेप लावून खोली मोजली. टेप चिकट होऊन परत आली. पातेलं मी फेकून दिलं.

याच सुमारास बाबा आले.

बाबा म्हणजे माझे सासरे. साताऱ्यात त्यांचं औषधांचं दुकान होतं, चाळीस वर्षं चालवलेलं. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या, दुकान बंद केलं, आणि सहा महिन्यांसाठी ते आमच्याकडे आले. शांत माणूस. त्यांना छातीचा त्रास होता. जिन्यावरून भरभर चढले किंवा जेवण जास्त झालं की छातीत आवळून यायचं. मग ते एक बारकी गोळी जिभेखाली ठेवायचे, पाच मिनिटं डोळे मिटून बसायचे, आणि उठून पेपर वाचायला लागायचे. त्या गोळ्यांची छोटी तपकिरी बाटली बाहेर जाताना शर्टाच्या खिशात असायची. घरात ते बिनखिशाची बंडी घालायचे, म्हणून घरात ती सोफ्याशेजारच्या टेबलवर, लँपखाली. आल्या दिवशीच त्यांनी मला हाताला धरून ती जागा दाखवली होती. "सूनबाई, ही बाटली इथून हलवायची नाही. बाकी घर तुझं."

मी म्हणाले, "नाही हलणार, बाबा."

पिस्तुलाचं त्यांना कसं सांगायचं, या चिंतेत माझा नवरा चार दिवस होता. पाचव्या दिवशी त्यांनीच कॉम्प्युटरच्या टेबलवर गोळ्यांचं खोकं बघितलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, औषधाचं खोकं वाचावं तसं चारी बाजूंनी वाचलं, आणि लेकाला विचारलं, "ही गोळी कशावर देतात?"

मी इतकी हसले की मला खुर्चीत बसावं लागलं. नवरा लालबुंद झाला. म्हणाला, "बाबा, सेल्फ डिफेन्स आहे ते."

"ते झालं. पण कशावर?"

तो कॉम्प्युटरवरचं शीट बंद करायला लागला. बाबांनी खोक्यावर बोट ठेवलं. "एकशे चोवीस ग्रेन. अरे वा! ग्रेन अजून चालतात का इथे? आमच्या दुकानात पूर्वी वजनाला ग्रेनच होते. अ‍ॅस्पिरिन पाच ग्रेनची. पाच ग्रेनमध्ये माणूस बरा व्हायचा." मग जरा थांबून म्हणाले, "एकशे चोवीस म्हणजे डोस मोठाच आहे."

मला माझे सासरे त्या क्षणी फार आवडले. पुढे आम्हा दोघांची जोडी जमली. दुपारी नवरा ऑफिसात असला की मी त्याच्या नकला करायचे, गोळी कशी उमलते ते हात उघडून दाखवायचे, आणि बाबा गालातल्या गालात हसायचे. कधीकधी मात्र हसणं थांबवून विचारायचे, "पण याला झालंय काय नक्की?" मी म्हणायचे, "काही नाही हो, खूळ आहे."

सप्टेंबरात त्याला लपवून पिस्तूल बाळगायचं परमिट मिळालं. एक शनिवार क्लास, कोर्टात अर्ज, आणि झाला आमचा वाघ. मग तो पिस्तूल कमरेला लावून इंडियन ग्रोसरीत मेथीच्या जुड्या निवडायला जायला लागला. ढगळ शर्ट, एक खांदा वर, चालताना उजवा हात किंचित लांब. कुणाला कळू नये म्हणून एवढी धडपड की चार वर्षांच्या पोरालाही कळावं, या काकांच्या पँटमध्ये काहीतरी आहे. व्हर्जिनियातला तेव्हाचा कायदाही भारी होता. दारू मिळणाऱ्या हॉटेलात लपवलेलं पिस्तूल चालायचं नाही, उघडं चालायचं. म्हणून हा डोसा खायलासुद्धा दारू न मिळणारं हॉटेल शोधायचा.

आणि मग गणपती. मंडळाच्या कार्यक्रमात एक काकू आल्या होत्या, बाबांच्या ओळखीतल्या, साताऱ्याकडच्याच. बाबा म्हणाले, नमस्कार कर. हा वाकला. शर्ट वर सरकला. काकूंनी आशीर्वादासाठी हात उचललेला, आणि खाली त्यांच्या पुढ्यात याच्या कमरेचं काळं पिस्तूल. काकूंचा हात हवेतच राहिला. "आयुष्मान" एवढंच म्हणाल्या आणि पुढचं गिळलं. त्यानंतर त्याने वाकून नमस्कार करणंच कॅन्सल केलं. लांबूनच हात जोडायचा. मंडळात बोलणं झालं, ग्रीन कार्ड आल्यावर यांना वाकायची लाज वाटते. जगातली सगळी गोळीविद्या शिकून झाली होती, पण महाराष्ट्रीय माणसाला दिवसातून चारदा वाकावं लागतं, हे त्या एक्सेल शीटमध्ये कुठेच नव्हतं. मी हा किस्सा महिनाभर फोनवर सांगत होते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आमच्याकडे पॉटलक होता, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. तीन कुटुंबं, पाच पोरं. गोळी एकदाची ठरली होती, खोकं कॉम्प्युटरच्या टेबलवर होतं, त्याला बघून शेवटचं कौतुक करायचं बाकी होतं. मी डायनिंग टेबलवर पुऱ्या लाटत होते. ओरडून म्हणाले, "पोरं येणार आहेत. त्या गोळ्या उचलून ठेव."

"ठेवतो," तो म्हणाला. आणि खरंच ठेवल्या. मी तिथूनच त्याला स्टूल नेताना बघितलं.

लोक आले, जेवले, गेले. आवरताना मी कॉम्प्युटरपाशी गेले तर गोळ्यांचं खोकं तिथेच, पोरांनी शेजारी गेम खेळलेला, कीबोर्डवर चिप्सचा चुरा. माझं डोकंच फिरलं. "तुला कळतं का काही? गोळ्या उचलून ठेव म्हटलं होतं ना?"

तो गोंधळला. खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ओह! तू कार्ट्रिजबद्दल बोलत होतीस?"

"नाही, लिमलेटच्या गोळ्यांबद्दल बोलत होते! पोरं होती घरात! एक दिवस तुझ्या या गोळ्या मी कचऱ्यात फेकून देणार आहे, लक्षात ठेव." आणखीही बरंच बोलले. त्याच्या पगारापासून त्याच्या शेतावरच्या खिरीपर्यंत सगळं काढलं. बाबा सोफ्यावर बसून पेपर वाचल्यासारखं करत होते. नवऱ्याने मुकाट्याने खोकं उचललं, वर बेडरूममध्ये नेलं आणि कपाटातल्या काळ्या पेटीत पिस्तुलाशेजारी बंद केलं. पेटीचा नंबर म्हणजे आमचं ग्रीन कार्ड मंजूर झाल्याची तारीख.

मी एक प्रश्न विचारला नाही. मग तू कोणत्या गोळ्या उचलल्यास? पाच शब्द. पण माझं तोंड दुसऱ्या कामात होतं.

रविवारी बाबांना लँपखाली बाटली दिसली नाही. त्यांनी लेकाला विचारलं. "वर ठेवलीय बाबा, देतो," असं म्हणून तो सेनापतीबरोबर नवी गोळी पिस्तुलात अडकत नाही ना ते बघायला रेंजवर गेला. शंभर-दोनशे झाडून बघायच्या असतात म्हणे, तेव्हा कुठे भरवसा बसतो. परत आला तो पिस्तूल साफ करत बसला. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. स्वतःसाठी ते कुणाला दोनदा विचारणारे नव्हतेच.

सोमवारी मी घरी होते, माझं नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यातच संपलं होतं. अकराच्या सुमाराला बाबांनी हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. येऊन बघते तर ते सोफ्याच्या कडेला बसलेले, एक हात छातीवर, दुसरा लँपखाली चाचपडतोय. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मी टेबलवर बघितलं, टेबलखाली बघितलं, सोफ्याच्या फटींत हात घातले.

"बाबा, बाटली कुठे आहे?"

"वर," ते म्हणाले. "वर ठेवलीय म्हणाला."

मी कॉर्डलेस घेतला आणि जिना चढता चढता नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. मी किंचाळले, "गोळ्या कुठे ठेवल्यास? पटकन सांग!"

तिकडून दबलेला, समजूत घालणारा आवाज आला. "अगं, लॉक केल्यात. कपाटात, काळ्या पेटीत. नंबर तुला माहितीये. आपण घरी आल्यावर बोलू."

मी फोन बंद केला. पेटी ओढून काढली. नंबर दोनदा चुकला, आमची ती आनंदाची तारीख मला आठवेना. तिसऱ्यांदा झाकण उघडलं. आत पिस्तूल, आणि शेजारी ते खोकं. खोक्यात प्लास्टिकच्या खाचांत ओळीने उभ्या केलेल्या, टोकाला खड्डा असलेल्या, पितळी, सुंदर, साडेतीन महिने निवडलेल्या गोळ्या. मी त्या खोक्यात बोट घालून बघितलं. खरंच बघितलं, त्यांच्या खाली बाटली असेल म्हणून.

पुन्हा फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मेसेज रेकॉर्ड करा म्हणाला. मी बाथरूमचं कपाट उपसलं, बाबांची बॅग उलटी केली, खाली आले, किचनचे ड्रॉवर ओढले. बाबा आता सोफ्यावर आडवे झाले होते आणि काही बोलत नव्हते. तेव्हा मला नाइन वन वन सुचलं. सुरुवातीला का सुचलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही. दहा-बारा मिनिटं मी एका शब्दाच्या मागे घरभर धावत होते.

फोनवरची बाई शांत होती. तिने विचारलं, घरात अ‍ॅस्पिरिन आहे का? होती, माझ्या पर्समध्ये, डोकेदुखीची. ती म्हणाली, चावून खायला सांगा. मी बाबांच्या तोंडाशी गोळी नेली. त्यांनी डोळे उघडले, गोळीकडे बघितलं, सवयीने. "पाच ग्रेन," ते म्हणाले, आणि चावायला लागले. मग अँब्युलन्स आली.

ते वाचले. हे आधीच सांगायला हवं होतं कदाचित, पण तेव्हा मलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं. दोन स्टेंट घातले. डॉक्टर म्हणाला, हृदयाचा काही भाग गेला, तो परत येत नाही. जिभेखालच्या गोळीने फरक पडला असता का, असं मी विचारलं. म्हणाला, सांगता येत नाही. पण आणखी लवकर फोन करायला हवा होता, हे मात्र त्याला सांगता आलं.

बाटली मंगळवारी सापडली. किचनच्या सर्वांत वरच्या कपाटात, कुकरच्या खोक्यामागे. तिथे माझा हात पोहोचत नाही, बाबांचाही नाही. नवरा स्टुलावर उभा होता, बाटली त्याच्या मुठीत. म्हणाला, "तूच म्हणालीस ना, गोळ्या उचलून ठेव." आवाजात आरोप नव्हता. तो रडत होता. "मला वाटलं, पोरं चॉकलेट समजून खातील."

माझ्या तोंडात त्याला द्यायला नेहमीचं काहीतरी तयार होतं. कधी नव्हे ते ते बाहेर आलं नाही. कार्ट्रिज म्हण, एवढंच त्याने मला सांगितलं होतं, आणि मी दोन महिने हट्टाने म्हणाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी बाबांना आयसीयूतून खोलीत आणलं. नर्स कागदाच्या कपात गोळ्या घेऊन आली. बाबांनी त्या तळहातावर घेतल्या आणि एकेक करून तिला विचारलं, धिस वन फॉर व्हॉट? तिने प्रत्येक गोळीचं सांगितलं. रक्त पातळ करायला, दाब कमी करायला, झोपेसाठी. त्यांनी मान डोलावली आणि घेतल्या. ती गेल्यावर ते लेकाकडे वळले.

"तुझी ती एकशे चोवीस ग्रेनची. ती कशावर होती, ते तू सांगितलं नाहीस."

नवऱ्याने पलंगाचा लोखंडी दांडा वर करून अडकवला. मग म्हणाला, "मला भीती वाटते, बाबा. गॅस भरायला थांबलो की आसपास ट्रक नाही हे बघूनच कारमधून उतरतो. त्या दिवशी एकाने कप फेकला ना अंगावर, तेव्हापासून."

बाबांना हे काहीच माहीत नव्हतं. त्यांनी त्याच्याकडून सगळं विचारून घेतलं, ट्रक कसा होता, काय ओरडले, तू एकटाच होतास का, घरी कसा आलास. माझ्या नवऱ्याने सांगितलं. दहा मिनिटं सांगत होता. मला त्यातलं अर्धं नवीन होतं. तो कारमध्ये एक तास बसून राहिला होता, मगच घरी आला होता.

बाबांनी त्याचा हात धरून ठेवला. मग मला विचारलं, "सूनबाई, तुला माहीत होतं हे?"

"हो," मी म्हणाले. "त्याच दिवशी सांगितलं होतं त्याने."

बाबा रागावले नव्हते. औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "मग तू काय दिलंस त्यावर?"